दिवा हिरवाच होता

चिठ्ठी गॅसगळतीचा इशारा देणाऱ्या पेटीला सुतळीने बांधलेली होती आणि तिच्यावर गुजरातीत दोन ओळी होत्या. निरुपमाने त्या उभ्यानेच वाचल्या. ‘दिवा हिरवा असतो, पण गॅस दाखवला तरी ओरडत नाही. बंद करून चालू केली की ठीक.’

तिने पर्स खुर्चीला अडकवली, पेटी टेबलावर घेतली आणि वायर लावली. चाळीस सेकंदांत दिवा हिरवा झाला, छोट्या पडद्यावर घड्याळ चालू लागले. चाचणीच्या गॅसची बाटली नाकाशी धरल्यासारखी तिने पेटीच्या जाळीशी धरली. पेटी तत्काळ किंचाळली. काहीच बिघडलेले नव्हते.

दुसरे कोणी असते तर ‘ओके’ लिहून पेटी परत पाठवली असती. निरुपमा चिटणीसचा स्वभाव तसा नव्हता. मकरपुऱ्यातल्या, या पेट्या बनवणाऱ्या कंपनीत ती चोवीस वर्षांपूर्वी लागली होती, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन, सर्किटांची चित्रे काढायला. आता ती एकोणपन्नास वर्षांची होती. नव्या पोरांच्या डिग्र्या मोठ्या होत्या, पण ती दोन-दोन वर्षांत पुण्याला किंवा बंगळुरूला निघून जात आणि त्यांचे उरलेसुरले काम निरुपमाच्या टेबलावर येई. ती ते नीट लावून ठेवी. तिच्याबद्दल कंपनीत एवढेच बोलले जाई की निरुबेनच्या हाताखालून गेलेली वस्तू परत येत नाही.

ही परत आली होती. बाजव्याच्या पलीकडच्या एका शीतगृहातून.

तिने पेटीची नोंदवही उघडली, म्हणजे पेटी स्वतःच आपल्या पोटात दर मिनिटाला जी नोंद लिहीत असते ती. दोन मेच्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत ओळीखाली ओळ व्यवस्थित होती. त्याच्या पुढची ओळ सहा मेच्या दुपारची. मधले चार दिवस नव्हतेच. पेटी भिंतीवर होती, दिवा लागलेला होता, माणसे तिच्याकडे बघून आत-बाहेर करत होती, आणि पेटी चार दिवस तिथे नव्हती.

असे होणे शक्यच नव्हते. भट्ट्या, मोटारी, वेल्डिंग यांच्या शेजारी पेट्या लावलेल्या असत. विजेच्या एखाद्या झटक्याने पेटी मधूनच गोठे, हे सगळ्यांना माहीत होते. त्यासाठीच चिपमध्ये एक वेगळे छोटे घड्याळ होते. पेटीने दर काही सेकंदांनी त्याला ‘मी जागी आहे’ असे सांगायचे. सांगितले नाही, की ते घड्याळ पेटीला धक्का देऊन पुन्हा सुरू करी. वॉचडॉग म्हणत त्याला. पेटी गोठायची, मिनिटभरात उठायची, कोणाला कळायचेही नाही.

तिने नोंदवहीची सुरुवात पुन्हा वाचली. पेटी चालू होताना पडणाऱ्या शेकडो ओळींमध्ये एक ओळ होती: वॉचडॉग सापडला नाही. साधी ओळ. लाल नाही, ठळक नाही. मार्चपासून पेटी जितक्या वेळा चालू झाली, तितक्या वेळा पडलेली.

बाहेर मे महिन्याचे ऊन पत्र्यावर तडतडत होते. निरुपमाने पंखा वाढवला नाही. ती आपल्या संगणकाकडे वळली.

पेटीत एक छोटा संगणकच असे. त्याच्या प्रणालीचा गाभा, कर्नल, निरुपमा आपल्या टेबलावरच्या मोठ्या संगणकावर बांधून देई. बांधायचा एका जातीच्या यंत्रावर आणि चालायचा दुसऱ्याच जातीच्या. म्हणून काम सुरू करताना संगणकाला आधी सांगावे लागे, की हा गाभा तुझ्यासाठी नाही, पेटीतल्या चिपसाठी आहे. नाही सांगितले तर तो धरून चाले, की माझ्याचसाठी आहे. गाभ्यात काय घ्यायचे आणि काय वगळायचे याची एक यादी होती, साडेतीन हजार ओळींची. सहा वर्षांपूर्वी ती हेरंब दिघे नावाच्या इंजिनिअरने तयार केली होती. हेरंब जर्मनीला गेला आणि यादी निरुपमाकडे आली. तिची एक जुनी प्रत निरुपमाने कपाटातल्या पेन ड्राइव्हमध्ये ठेवली होती, आईचे दागिने ठेवावेत तशी.

तिने जुनी यादी डावीकडे उघडली, आत्ताची उजवीकडे, आणि फरक काढायला सांगितले. दोनशे अकरा ओळी निघाल्या. बहुतेक निरुपद्रवी होत्या. एकशे अडतिसाव्या फरकावर तिचे बोट थांबले. डावीकडे वॉचडॉगसमोर होकार होता. उजवीकडे लिहिले होते, की हे निवडलेले नाही.

यादी शेवटची बदलल्याची तारीख सतरा मार्च. संगणक तिचा. नाव तिचे.

सतरा मार्चचा शुक्रवार तिला आठवला, कारण त्या दिवशी ती स्वतःवर खूश झाली होती. नवी आवृत्ती बांधायची होती. सकाळीच तिने संगणकाला चिपचे नाव सांगून ठेवले होते. ते सांगणे पडद्यावरची ती खिडकी उघडी असेपर्यंत टिके. अकराला वीज गेली. आली तेव्हा तिने संगणक चालू केला, नवी खिडकी उघडली, आणि यादी उघडून एक किरकोळ बदल करून जतन केली. चिपचे नाव पुन्हा सांगायचे राहिले. संगणकाने यादी स्वतःसाठी आहे असे समजून वाचली आणि आपल्या कामाच्या नसलेल्या सगळ्या ओळी मुकाट्याने गाळून टाकल्या. दुपारी पेटी चालूच होईना. निरुपमाने दोन तासांत कारण शोधले, चिपचे नाव सांगितले आणि गेलेल्या ओळी एकेक परत घेतल्या. पडदा चालत नव्हता, तो परत घेतला. साठवण दिसत नव्हती, ती घेतली. नेटवर्क, घड्याळ, भोंगा, दिवा. जे जे नसल्यामुळे अडत होते, ते ते सगळे तिने परत आणले.

वॉचडॉगवाचून काही अडत नव्हते. पेटी गोठेपर्यंत त्याची उणीव भासणारच नव्हती.

त्या पेन ड्राइव्हमधली प्रत तिने तेव्हा काढली असती तर पाच मिनिटांचे काम होते. पण सगळे डोक्यात आहे अशी तिची खात्री होती.

तिने पाठवणीचे रजिस्टर काढले. सतरा मार्चनंतर त्रेसष्ट पेट्या गेल्या होत्या. नऊ ठिकाणी.

कौशिकभाई साडेअकराला आले. कंपनी त्यांची. दांडिया बाजारात मराठी शेजारात वाढल्यामुळे ते निरुपमाशी मराठीत बोलत, पण आपल्या ढंगाने. निरुपमा त्यांच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्या-उभ्याच सगळे सांगितले, आपले नाव न गाळता.

“बेसो, निरुबेन, पहिले बेसो,” ते म्हणाले. “कोणाला काय झालं? काही नाय झालं ने?”

“अजून कळलेलं नाही.”

“म्हणजे नाय झालं.”

“कौशिकभाई, आत्ता सगळ्यांना फोन करायला हवा. पेट्यांवर विसंबू नका म्हणून.”

कौशिकभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. तिच्या वडिलांच्या आजारपणात त्यांनी तिला दोन महिने घरून काम करू दिले होते. “जुओ, तुम्ही असा फोन केला, की काय होईल? सगळे घाबरी जाशे. कोणी प्लांट बंद करील, कोणी वकील आणील. आधी नवी वर्जन बनावून घ्या. किती टाइम लागेल?”

“चाळीस मिनिटं.”

“बस! चाळीस मिनिट. मग हातात इलाज घेऊन फोन करू ने, शांतीथी. ‘अपडेट आला आहे’ म्हणून सांगू. इतके दिवस काही नाय झालं, चाळीस मिनिटात काय होणार?”

बोलणे गैर वाटण्यासारखे नव्हते. निरुपमा ‘बरं’ म्हणाली. पुढे अनेकदा तिने तो ‘बरं’ आठवून पाहिला, पण त्यात कुठे अडखळल्याचे तिला आठवले नाही. ती सरळ म्हणाली होती, बरं.

तिने वॉचडॉगची ओळ परत घेतली. चिपचे नाव दोनदा तपासले. अकरा पंचावन्नला बांधणी सुरू झाली.

पडद्यावर ओळी वर सरकू लागल्या. एकेक फाइल घेतली जात होती, बांधली जात होती, पुढची येत होती. इतर दिवशी या वेळात ती चहा घेई किंवा डबा गरम करायला ठेवी. आज ती बसून राहिली. हात मांडीवर, नजर ओळींवर. मध्येच तिचे लक्ष रजिस्टरकडे जाई. शीतगृह. औषधांचे गोदाम. दोन रंगांचे कारखाने. डभोई रोडवरची भट्टी, जिथे गिअर तापवून कडक करतात. त्या भट्टीत जो वायू सोडतात त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, हे तिला माहीत होते, कारण त्या पेट्या तिनेच तपासून पाठवल्या होत्या. त्याला वास नसतो. रंग नसतो. माणसाला पेंग येते, एवढेच.

बारा वीसला तिने फोन उचलला आणि पुन्हा ठेवला. अजून पंधरा मिनिटे, असे तिने स्वतःला सांगितले.

बारा पस्तीसला ओळी थांबल्या. नवा गाभा तिने शीतगृहाच्या पेटीत घातला, मुद्दाम पेटी गोठवली, आणि घड्याळ पाहत बसली. मिनिटभराच्या आत पेटी आपली आपण उठली. बारा चाळीस. तिने रजिस्टर पुढे ओढले.

पेट्यांविषयी लांबलचक काही सांगायचे नाही, असे तिने ठरवले होते. एकच प्रश्न विचारायचा. पेटी गोठली, की पडद्यावरचे घड्याळही गोठते.

“पेटीवर किती वाजलेत, जरा बघून सांगता?”

शीतगृहाच्या माणसाने दोन्ही पेट्या पाहून सांगितले, बारा बेचाळीस. बरोबर होते. गोदामात बारा पंचेचाळीस. पहिल्या रंगाच्या कारखान्यात फोन उचललेला माणूस हसला, “केम बेन, तमारी घड्याळ बंद छे?” पण त्यानेही जाऊन पाहिले. सगळीकडे बरोबर. प्रत्येक ठिकाणी ती सांगत गेली, की तासातासाला घड्याळ बघत राहा, उद्या मी स्वतः येते. पाच ठिकाणे झाली. सहावा नंबर डभोई रोडच्या भट्टीचा होता.

“बोलो,” पलीकडून आवाज आला. मागे भट्टीची घरघर होती.

“मी गॅसच्या पेट्यांच्या कंपनीतून निरुपमा चिटणीस बोलतेय.”

“हां हां, ताई, बोला ने. मी विश्वासराव मोहिते, फोरमन.” नाव ऐकताच माणूस मराठीत आला होता.

“मोहिते, तुमच्या भट्टीजवळच्या पेटीवर किती वाजलेत, बघता का जरा?”

“इथूनच दिसते ताई. सव्वातीन.”

निरुपमाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. एकला पाच मिनिटे कमी होती.

“पुन्हा बघा.”

“सव्वातीनच. घड्याळ चुकलंय वाटतं तिचं. पण दिवा हिरवा आहे ताई, काळजी नको.”

“मोहिते, माझं ऐका. पेटी बंद पडलीये. दिव्यावर जाऊ नका. आत्ता सगळ्यांना बाहेर काढा.”

“अहो, गिअरचा लॉट भट्टीत आहे. मध्येच सोडला तर सगळा माल—”

“कुणाचं डोकं दुखतंय का?”

विश्वासरावांनी मागे वळून कोणाला तरी विचारल्याचे ऐकू आले.

“मे महिना आहे ताई,” विश्वासराव सावकाश म्हणाले. “सगळ्यांचंच दुखतंय. शुक्रवारपासून.”

“दारं उघडा. पंखे लावा. सगळ्यांना उन्हात नेऊन उभं करा. आत्ता!”

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज झाला. तो बंद झाला नव्हता. निरुपमा कानाला लावून उभी राहिली. तिला ओरडणे ऐकू आले, लोखंडी दार सरकल्याची करकर, कोणीतरी नावे घेत होते. मग तेच एक नाव पुन्हा पुन्हा येऊ लागले. धनाजीराव. ए धनाजीराव! कोणी म्हणाले, जेवून खाली गेलाय, खड्ड्यात, तिथं गार लागतं म्हणून. मग कोणाचाच आवाज नाही. भट्टी तेवढी घरघरत होती.

“एकशे आठला फोन करा,” निरुपमा रिकाम्या फोनमध्ये म्हणाली. “कोणी ऐकतंय का? एकशे आठला करा.”

मग तिने दुसऱ्या फोनवरून स्वतःच केला.

उरलेल्या तीन ठिकाणी रिक्षातूनच फोन करत ती भट्टीवर पोहोचली तेव्हा रुग्णवाहिका येऊन गेली होती. पाच माणसे कडुनिंबाखाली बसली होती. एकाला उलटी झाली होती. विश्वासराव साठीच्या आसपासचे, ताठ अंगाचे गृहस्थ. घराण्यात कोणी संस्थानच्या पलटणीत होते म्हणून मिशी अजून तशी राखलेली. ते उभे होते, पण एक हात झाडाला लावून.

“तोंडावर ओलं फडकं बांधून दोघं उतरलो,” ते म्हणाले. “झोपल्यासारखाच होता. चेहरा लाल, टवटवीत. मला वाटलं, थट्टा करतोय.”

“श्वास?”

“होता. थोडा.” त्यांनी तिच्याकडे पाहिले. “दिवा हिरवा होता हो ताई. आम्ही दिवा बघूनच आत जातो.”

दारे उघडून तास झाला होता. निरुपमाने दारातूनच वायर ओढून पेटी बंद केली आणि पुन्हा चालू केली. चाळीस सेकंद सगळे तिच्याकडे बघत होते. पडद्यावर बरोबर वेळ आली, आणि त्याच क्षणी पेटी किंचाळायला लागली. मोकळ्या हवेतही आकडा सव्वाशेवर होता. पस्तिसालाच पेटीने ओरडायला हवे होते. भट्टीच्या दाराची फट बुजवणारी विणीची दोरी झिजून एका बाजूने वायू झिरपत होता, हे नंतर कळले. पेटी गोठली होती गुरुवारी दुपारी सव्वातीनला. म्हणजे चार दिवस.

“धनाजीराव खाली कधी गेले?” निरुपमाने विचारले. विचारू नये असे वाटत असतानाच तिने विचारले.

“बारा वीसला. रोजचा टाइम त्याचा. कधी चुकत नाही.”

दवाखान्यात ती संध्याकाळपर्यंत थांबली. धनाजीराव शेळके, वय सेहेचाळीस, प्राणवायूवर होते. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल बहुतेक, पण मेंदूला किती वेळ हवा मिळाली नाही हे सांगता येत नाही. ते आठवड्या-दोन आठवड्यांनी कळते. बाकावर त्यांची बायको रखमाबाई बसली होती, पदराचे टोक मुठीत धरून. निरुपमा तिच्या शेजारी जागा असूनही बसली नाही.

समा भागातल्या आपल्या घरी ती परतली तेव्हा आई, कुसुमावतीबाई, सोसायटीच्या बाकावरून उठून नुकत्याच वर आल्या होत्या. निरुपमाने चपला काढता काढता सगळे सांगून टाकले. आईने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या,

“कौशिकभाईंचा फोन येऊन गेला. तुझा लागत नव्हता म्हणे. उद्या सरकारी तपासणीचे साहेब येणार आहेत. ते म्हणाले, यादी मुळात दिघ्यांनी केलेली, तर तेच सांगायचं.”

निरुपमाने आईकडे पाहिले.

“हेरंब तिकडे जर्मनीत,” आई नजर न उचलता ताटे मांडत म्हणाल्या. “त्याचं इथं कोण काय वाकडं करणार आहे? तुला अजून नऊ वर्षं काढायचीत, निरू. आपल्या दोघींना दुसरं कोण आहे?”

“त्याच्या यादीत ती ओळ होती, आई.”

“ते तुला माहीत. दुसऱ्या कोणाला माहीत आहे?”

भाजी गार झाली. दोघी जेवल्या. आईने पुन्हा विषय काढला नाही, पण झोपायला जाताना त्यांनी निरुपमाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला.

तपासणीचे साहेब तरुण होते आणि नम्र होते. केबिनमध्ये कौशिकभाई, ते आणि निरुपमा. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून साहेबांनी त्यावर आपला मोबाइल ठेवला होता.

“सॉफ्टवेअरची मूळ सेटिंग आमच्या जुन्या इंजिनिअरची,” कौशिकभाई म्हणाले. “मिस्टर दिघे. आता परदेशात आहेत. त्यांच्याच वेळची खामी राहून गेली.”

साहेब लिहू लागले.

“नाही,” निरुपमा म्हणाली. “दिघ्यांची यादी बरोबर होती. ही तिची प्रत.” तिने पेन ड्राइव्ह आणि दोन छापील पाने टेबलावर ठेवली. “सतरा मार्चला मी ती बदलली. चिपचं नाव सांगायचं राहिलं, त्यात ओळी गेल्या. परत घेताना ही एक माझ्याकडून राहिली. मग ती आवृत्ती मीच तपासली आणि मीच पास केली.”

कौशिकभाई खिडकीबाहेर बघत राहिले. साहेबांनी लिहिलेली ओळ खोडली. “दुसऱ्या कोणी तपासायची पद्धत नव्हती?”

“नव्हती.”

“बरं. कळलं कधी तुम्हाला?”

“काल अकराच्या सुमारास.”

“आणि भट्टीला कळवलं?”

“एकला पाच कमी असताना.”

साहेबांनी दोन्ही वेळा लिहून घेतल्या. निरुपमा थांबली. पुढचा प्रश्न येईल आणि आपण सांगू, असे तिला वाटत होते. पण साहेबांनी पान उलटले आणि पेट्यांची एकूण संख्या विचारली.

“मधली चाळीस मिनिटं मी नवी आवृत्ती बांधत बसले होते,” ती आपणहून म्हणाली. “आधी फोन करता आला असता.”

साहेबांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अवघडलेपणा आला. त्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत नजरेखालून घातला. त्या चाळीस मिनिटांसाठी त्यात रकाना नव्हता. “इलाज तयार करत होता ना तुम्ही,” ते म्हणाले आणि पुढे लिहू लागले.

त्रेसष्टच्या त्रेसष्ट पेट्या निरुपमाने नऊ दिवसांत स्वतः फिरून बदलल्या. आणखी दोन गोठलेल्या सापडल्या. तिथे नशिबाने काही गळत नव्हते. कौशिकभाई तिला एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. दहाव्या दिवशी त्यांनी तिला बोलावून सांगितले, की यापुढे बांधणीचे काम एक नवा इंजिनिअर बघेल, दोघांनी तपासल्याशिवाय काही जाणार नाही, आणि निरुबेननी स्टोअर सांभाळावे. “थोडा आराम पण होईल ने तुम्हाला,” ते म्हणाले. निरुपमाने नव्या माणसाला यादी ओळीन् ओळ समजावून दिली. चार दिवस लागले. मग आपला डबा आणि चष्मा घेऊन ती स्टोअरमध्ये जाऊन बसली. तिथून पडदा दिसत नसे. कधी कधी वीज जाऊन आली, की तिचा हात अजून कळफलक शोधी.

जूनच्या शेवटी ती धनाजीरावांच्या घरी गेली. वाडीत, गल्लीच्या टोकाला दोन खोल्या. रखमाबाईने तिला ओळखले.

“दवाखान्यात होतात तुम्ही. उभ्या होतात.”

“हो.”

“कंपनीच्या का?”

“पेटीच्या कंपनीची.” निरुपमा दारातच थांबली होती. “रखमाबाई, मला एक सांगायचंय. ती पेटी बंद पडली ती माझ्या चुकीनं. आणि मला सकाळीच कळलं होतं. मी लगेच फोन केला असता तर ते खाली उतरलेच नसते.”

रखमाबाईने मागे वळून पाहिले. आतल्या खोलीतून कापडाची सळसळ येत होती.

“इथं येऊन गेले ते सगळे म्हणाले, उन्हानं झालं,” ती म्हणाली. “एक म्हणाला, त्यांनी तिथं झोपायलाच नको होतं. तुम्ही पहिल्याच.” तिच्या आवाजात राग होता, पण तो कुठे ठेवावा हे तिला सुचत नसावे. “आता मी काय करू त्याचं? सांगा ना. मुलाचं नाव विसरतात. मला ओळखतात, पण मधूनच कसंतरी बघतात.”

निरुपमाने अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

“या आत,” रखमाबाई म्हणाली. “ते बाहेर यायच्या तयारीत आहेत. कोणी आलं, की शर्ट घालून यायचं म्हणतात. वेळ लागतो.”

आतल्या दारात धनाजीराव उभे होते. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट. ते खालचे बटण वरच्या काजात घालत होते. लावत वरपर्यंत गेले, शेवटी एक बटण उरले, त्याकडे त्यांनी पाहिले, आणि सगळी बटणे काढून पुन्हा खालून सुरुवात केली. रखमाबाईचा हात पुढे झाला नाही. तिने फक्त निरुपमाला खुणेने बसायला सांगितले आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. निरुपमा बसली. धनाजीरावांनी दुसरे बटण लावले, मग तिसरे. कोणीच घाई केली नाही.